नगरहून इंदूरला : आईचे नाव मंडळीत लागेपर्यंतचे पाच महिने

नोव्हेंबर २०२४ मध्ये माझी बँकेतील बदली इंदूरला झाली आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई माझ्याबरोबर नगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, येथे आली. लोकमान्यनगरमध्ये भाड्याचे घर मिळाले, शेजारी मराठी बोलणारे निघाले आणि सकाळच्या पोह्यांची सवयही चार दिवसांत लागली. अहिल्याबाईसुद्धा नगर जिल्ह्यातल्या चौंडीहूनच या मुलखात आल्या, तेव्हा आपण काही पहिल्या नाही, असे आई शेजारणींना सांगू लागली. परंतु खोकी उघडून झाली त्या रात्री तिने मला विचारले, "इथली आपली मंडळी कोणती, आणि आपलं नाव तिथं कधी लागेल?"

मराठी ख्रिस्ती घरांत 'मंडळी' म्हणजे एका चर्चचा सभासद-समुदाय, आणि 'नाव लागणे' म्हणजे त्या मंडळीच्या सभासद-नोंदवहीत कुटुंबाची नोंद होणे. बाप्तिस्मा, प्रभुभोजन (उपासनेत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी), लग्न आणि अखेरची माती, म्हणजे दफन, या सगळ्यांचा आधार ही नोंद असते. आईच्या मनातला प्रश्न अर्थातच मातीचा होता. माझे वडील २०११ मध्ये वारले आणि त्यांची कबर नगरला आहे. तिकडचे नाव काढले तर तिथला हक्क जाईल का, आणि इकडे नाव लागले नाही तर इथे आपल्याला कोण विचारील, या दोन भीतींमध्ये ती सापडली होती. मी जन्मापासून एकाच मंडळीत वाढलेली असल्यामुळे परक्या गावात हे काम कोणाकडे न्यायचे, याची मलाही काहीच कल्पना नव्हती. ज्यांना अशीच बदली करून घ्यायची आहे त्यांच्यासाठी मी हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक घोटाळा झाला. चर्च कुठे आहे असे विचारले की इंदूरमध्ये कोणी लाल चर्च सांगतो, कोणी व्हाइट चर्च. लाल चर्च हे कॅथोलिकांचे कॅथीड्रल आहे आणि व्हाइट चर्च ही १८५८ सालची, मूळची अँग्लिकन वास्तू आहे. त्याखेरीज कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून वाढलेल्या मंडळ्या आहेत; ते मिशन इंदूरला १८७७ मध्ये आले आणि दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, त्यातूनच इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू झाले. आपण कॅथोलिक की प्रॉटेस्टंट, आणि प्रॉटेस्टंट असल्यास चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे की अन्य कोणत्या पंथाचे, हे विचारणाऱ्याने आधी स्पष्ट सांगितले तर बराच वेळ वाचतो. आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या नाशिक धर्मप्रांतातून भोपाळ धर्मप्रांतात येत होतो, म्हणजे चर्च तेच आणि धर्मप्रांत (एका बिशपांच्या, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूंच्या, देखरेखीखालचा प्रदेश) वेगळा, त्यामुळे नव्याने प्रवेश घ्यायचा नसून सभासदत्वाची बदली करायची होती. घरापासून रिक्षाने १३० रुपयांवर असलेली, मिशनच्या काळातली एक मंडळी आम्ही निवडली.

१ डिसेंबरला, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी, आम्ही प्रथम उपासनेला गेलो. उपासना हिंदीत होती. वचन आणि प्रार्थना समजत होत्या, पण गीत सुरू झाले की आई पुस्तकात बघत राहायची आणि दुसरे कडवे येईपर्यंत तिला ओळ सापडायची नाही. उपासना संपल्यावर पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, दाराशी उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवत होते. मी रांगेत उभी राहिले आणि माझी पाळी आल्यावर बदली, नोंदणी, आईचे वय हे सगळे एका दमात सांगू लागले. त्यांनी ते शांतपणे ऐकले, "क्रिसमस के बाद दफ़्तर में आइए" एवढे म्हणून ते मागच्या माणसाकडे वळले. त्या क्षणी मला फार परके वाटले, आणि रिक्षा शोधायला बाहेर पडताना माझे डोळे भरून आले होते. आज विचार करते तेव्हा चूक माझीच होती असे दिसते. उपासनेनंतरची ती पंधरा मिनिटे पाळकांची सगळ्यांत गर्दीची असतात. आजारी माणसांची चौकशी, दवाखान्यातल्यांसाठी प्रार्थनेची विनंती, लग्नाच्या तारखा हे सारे तेव्हाच त्यांच्या कानावर येत असते. कागदांचे काम तिथे काढू नये. फक्त नाव सांगून सलाम करावा आणि भेटीची वेळ मागावी.

आमचा दिवस सावरला तो चर्चच्या चौकीदारभैयांनी. आई पायरीवर दम खात उभी असलेली पाहून त्यांनी आतून खुर्ची आणली, "जय मसीह की, अम्माजी" म्हणून तिला बसवले आणि आम्ही कुठून आलो ते विचारले. आईने सवयीने "सलाम" म्हटले. आमच्याकडे ख्रिस्ती माणसे एकमेकांना सलाम करतात हे तिने त्यांना समजावून सांगितले, आणि त्यानंतर पाचही महिने ते तिला न चुकता सलामच करीत आले. त्या चर्चमध्ये ते बावीस वर्षे काम करीत आहेत. उपासनेच्या अर्धा तास आधी पहिली घंटा आणि पाच मिनिटे आधी दुसरी घंटा देणे, फाटक उघडणे, प्रभुभोजनाच्या मेजाची झाडपूस करणे, रात्रीची राखण, हे सगळे त्यांच्याकडे असते. त्यांच्या काळात सहा पाळक येऊन गेले. कोण काय करतो हे मला त्यांनी दहा मिनिटांत सांगितले, आणि मला वाटते की नव्या मंडळीत जाणाऱ्याने पहिली ओळख याच माणसाशी करून घ्यावी.

त्यांच्याकडून कळलेली व्यवस्था अशी होती. पाळकांची नेमणूक धर्मप्रांताकडून होते आणि काही वर्षांनी त्यांची बदलीही होते. सोमवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस असतो, त्या दिवशी फोनही करू नये. कार्यालयात एक लिपिक मंगळवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते एक या वेळेत बसतात. लिपिक आणि चौकीदार हे पगारी आहेत. सचिव आणि खजिनदार मात्र सभासदांनी निवडून दिलेल्या पास्टोरेट कमिटीवरचे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवरचे, असतात, त्यांना काहीही मानधन मिळत नाही आणि ते आपापले व्यवसाय सांभाळून हे काम करतात. ही शेवटची गोष्ट मला आधी ठाऊक असती, तर सचिवांनी माझा फोन दोनदा उचलला नाही म्हणून मी मनातून नाराज झाले नसते.

गुरुवारी, ५ डिसेंबरला, अर्ध्या दिवसाची रजा काढून मी कार्यालयात गेले. लिपिक हे निवृत्त शिक्षक आहेत, अक्षर देखणे आहे आणि कागद हातात घेतला की तो पूर्ण वाचल्याशिवाय ते बोलत नाहीत. त्यांनी मला एक छापील अर्ज दिला आणि बरोबर जोडायच्या गोष्टी पेन्सिलीने मागच्या बाजूला लिहून दिल्या : आधीच्या मंडळीच्या पाळकांच्या सहीशिक्क्याचे मूळ बदलीपत्र, त्यात बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्याला पूर्ण सभासद म्हणून स्वीकारण्याचा विधी) यांच्या तारखा, वर्गणीची बाकी नसल्याचा उल्लेख, आधारची प्रत आणि दोन छायाचित्रे. अर्जाला शुल्क नव्हते. कमिटीची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते, पण डिसेंबरची बैठक नाताळच्या तयारीतच जाते, त्यामुळे आमचा अर्ज १२ जानेवारीला निघेल असे ते म्हणाले. डिसेंबरमध्ये नोंदणीचे काम काढू नये, हा धडा मला तेव्हा मिळाला.

बदलीपत्रासाठी मी ९ डिसेंबरला आधीच्या मंडळीला स्पीड पोस्टाने अर्ज पाठवला. आईची आठ महिन्यांची ४०० रुपये वर्गणी बाकी होती, ती बँकेतून भरून पावतीची प्रत मागवली. तिथे नुकतेच पाळक बदलले होते आणि नोंदवह्यांचा ताबा नव्या पाळकांकडे यायचा होता, त्यामुळे सहा आठवडे पत्र आले नाही. मी दर आठवड्याला फोन करीत असे, आणि दर वेळी आई पलीकडच्या खोलीतून काय म्हणाले ते विचारीत असे. बदली होणार हे कळताच, गाव सोडण्यापूर्वी, हे पत्र हातात घेऊन निघावे, असे मी प्रत्येकाला सांगेन.

या वाट पाहण्याच्या काळात नाताळ आला आणि त्याने आमच्यासाठी एक दार उघडले. गायकवृंदाच्या प्रमुख बाईंनी आमचा पत्ता एका वहीत लिहून घेतला होता. २१ डिसेंबरला रात्री सव्वादहाला त्यांचा गट ढोलक आणि गिटार घेऊन आमच्या दाराशी आला. तीन हिंदी गीते झाली. मग आईने त्यांना थांबवून, नारायण वामन टिळकांचे एक मराठी भजन एकटीनेच म्हटले. टिळकांचे बरेचसे आयुष्य नगरमध्ये गेले आणि त्यांची भजने तिकडच्या मंडळीत आजही पाठ असतात. दुसऱ्या कडव्याला गटातल्या एका वयस्क बाईंनी आवाज मिसळला. त्यांची आजी नागपूरकडची होती आणि लहानपणी घरात हे भजन म्हटले जात असे, पण गेल्या चाळीस वर्षांत त्यांनी ते कोणाबरोबर म्हटले नव्हते. त्या रात्री चहा होईपर्यंत साडेअकरा वाजले. पुढच्या रविवारपासून त्या बाई आईच्या शेजारी बसू लागल्या आणि गीताचा क्रमांक सांगितला गेला की पुस्तकातले पान काढून तिच्या हातात देऊ लागल्या. गायकवृंदाकडे आपला पत्ता देऊन ठेवणे हे कोणत्याही अर्जात लिहिलेले नसते, पण नव्या माणसाने ते अवश्य करावे.

१२ जानेवारीची बैठक पत्राविना गेली आणि अर्ज ९ फेब्रुवारीवर ढकलला गेला. पत्र १८ जानेवारीला आले. मंगळवारी, २१ तारखेला, मी ते घेऊन गेले तेव्हा लिपिकांनी चष्मा काढून ठेवला आणि दोन अडचणी दाखवल्या. एक, बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे माहेरचे नाव होते आणि आधारवर सासरचे. दुसरी अधिक अवघड होती. अर्जात 'दृढीकरण कोणत्या बिशपांच्या हस्ते' असा रकाना होता, आणि पत्रात केवळ '१९६४ मध्ये पूर्ण सभासद म्हणून स्वीकारले' एवढेच लिहिलेले होते, बिशपांचे नाव कुठेच नव्हते. हा रकाना रिकामा ठेवून अर्ज कमिटीपुढे नेता येणार नाही, सचिवांना भेटा, असे त्यांनी सांगितले.

घरी येऊन मी आईला विचारले तेव्हा ती गोंधळून गेली. "आमच्या वेळी बिशप नव्हतेच गं, पाळकांनीच मंडळीपुढं उभं करून प्रश्न विचारले आणि प्रभुभोजन दिलं," असे ती म्हणाली. साठ वर्षे प्रभुभोजन घेतल्यानंतर आपण पूर्ण सभासद आहोत की नाही, अशी शंका आपल्याबद्दल कोणी घ्यावी, याचे तिला फार वाईट वाटले आणि त्या रात्री ती जेवली नाही. नावाच्या फरकासाठी मी दुसऱ्याच दिवशी घाईने ३५० रुपये खर्चून नोटरीचे प्रतिज्ञापत्र करून आणले. पुढे त्याची गरजच पडली नाही. आईच्या मे १९७० च्या लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही नावे होती आणि चर्चला तेवढे पुरेसे होते. खर्च करण्यापूर्वी लिपिकांना एक फोन करायला हवा होता.

सचिवांनी २८ जानेवारीला संध्याकाळी सात वाजता आम्हाला घरी बोलावले. ते निवृत्त अभियंते आहेत. त्यांनी आधी आईला कोमट पाणी दिले, तिची हकिगत मध्ये न बोलता पूर्ण ऐकली आणि मग एक गोष्ट सांगितली, जी मला शाळेपासून तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होती, पण जिचा आपल्या कागदाशी काही संबंध असेल असे कधी वाटले नव्हते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला झाली आणि त्यात सहा चर्चेस एकत्र आली. त्यांपैकी युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया हे एक होते. नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९२४ पासून त्यात होत्या, आणि कॅनेडियन मिशनच्या माळव्यातल्या मंडळ्याही त्यातच होत्या. त्या चर्चमध्ये बिशप नसत, पाळक आणि मंडळीतले वडीलजन (एल्डर) हेच सभासदांना स्वीकारत. जे लोक ऐक्याच्या वेळी आपापल्या चर्चचे पूर्ण सभासद होते, ते सगळे नव्या चर्चचे पूर्ण सभासद झाले, त्यांचे पुन्हा दृढीकरण करण्याचा प्रश्नच आला नाही. सचिवांचे स्वतःचे वडील याच रीतीने सभासद झालेले होते. "अम्माजी, सन चौसठ में आप और मेरे पिताजी एक ही चर्च में थे," असे ते म्हणाले. आईने ते वाक्य मला पुन्हा मराठीत सांगायला लावले. त्यांनी अर्जाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'ऐक्यापूर्वी स्वीकृत, १९६४' असे लिहून सही केली. ज्यांच्या आईवडिलांचे सभासदत्व १९७० पूर्वीचे आहे त्यांनी बदलीपत्र मागतानाच हा शेरा लिहून घ्यावा, म्हणजे परक्या गावी एका म्हाताऱ्या माणसाला असा प्रश्न विचारला जाणार नाही.

९ फेब्रुवारीला कमिटीने अर्ज मंजूर केला. खजिनदारांनी आम्हाला बारा महिन्यांचे लिफाफे दिले. कमावत्या सभासदाने महिन्याला १५० रुपये द्यावेत अशी तिथली रीत आहे आणि उत्पन्न नसलेल्या वृद्धांना काही बंधन नाही, परंतु आईने आपल्या नावाचा ५० रुपयांचा वेगळा लिफाफा मागून घेतला. दर वेळी पावती घ्यावी आणि जपून ठेवावी, कारण पुढे कुठेही बदली झाली की हीच पावती लागते.

२० फेब्रुवारीला पाळकसाहेब आणि त्यांचे सहकारी डीकन, म्हणजे पाळकांना साहाय्य करणारे सेवक, आमच्या घरी आले. सभासद-वहीत नाव लिहिण्यापूर्वी घरभेट घेण्याचा त्यांचा शिरस्ता आहे. ज्या माणसाने मला डिसेंबरमध्ये अर्ध्या मिनिटात पुढे पाठवले होते, ते त्या दिवशी दीड तास बसले. त्यांनी आईचे पवित्र शास्त्र हातात घेऊन त्यातल्या पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या आणि तिला मराठीतूनच प्रार्थना करायला सांगितले. चहा झाल्यावर आईने पदर सावरत विचारले, "पाळकसाहेब, माझी माती कुठं होईल?" त्यांना 'माती' हा शब्द नीट कळला नाही, म्हणून मी हिंदीत सांगू लागले, पण माझा आवाज भरून आला. त्यांनी घाई केली नाही. मग ते म्हणाले की नाव इथे लागले म्हणून नवऱ्याशेजारची जागा नाकारली जाईल असे समजू नका. इथल्या दफनभूमीसाठी मंडळीचे पत्र लागते, ते सभासद म्हणून मिळेलच. आणि कुटुंबाची इच्छा नगरची असेल तर इथले पाळक तिथल्या पाळकांना तसे पत्र देतील, पुढचे तिथल्या दफनभूमीच्या नियमांप्रमाणे होईल. पाळक बदलत असतात, म्हणून ही इच्छा आजच नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवू, असेही ते म्हणाले. इतकी वर्षे जो विषय मी घरात टाळत आले होते, तो एका परक्या माणसाने दहा मिनिटांत अत्यंत मायेने मार्गी लावला.

मार्चमध्ये ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू झाला. दर शुक्रवारी एकेका घरी प्रार्थना असे; २१ मार्चला ती आमच्याकडे झाली आणि महिला संगतीच्या बायकांनी आईकडून पुरणपोळी शिकून घेतली. एप्रिलच्या पहिल्या रविवारी, ६ तारखेला, प्रभुभोजनापूर्वी नव्या सभासदांची नावे वाचली गेली. आईला गुडघे टेकता येत नाहीत हे डीकनांच्या लक्षात होते, त्यांनी भाकर आणि प्याला तिच्या बाकापर्यंत आणला.

ईस्टरला, २० एप्रिलला, पहाटे पाच वाजता दफनभूमीत उपासना असते. चार वाजता रिक्षा मिळणार नाही म्हणून सचिवच आम्हाला न्यायला आले. अंधारात मेणबत्त्या लावलेल्या कबरींमधून आई माझा हात धरून हळूहळू चालली होती आणि दगडांवरची नावे वाचत होती. चौकीदारभैयांनी तिची खुर्ची आधीच आणून ठेवली होती. उपासना संपून उजाडले तेव्हा लिपिक तिच्याजवळ आले आणि नोंदवहीत शेरा लिहून झाल्याचे त्यांनी सांगितले : पतीची कबर अहिल्यानगर येथे, दफनाची इच्छा तेथेच, तसे न जमल्यास इंदूर. आईने तो दोनदा म्हणवून घेतला, आणि कबरीची रांग व क्रमांकही त्यात असू द्या, नाहीतर माझ्या मागे ही पोर कुठे शोधत बसेल, असे ती म्हणाली. लिपिकांनी होकार दिला. मंगळवारी दहा वाजता कार्यालय उघडल्यावर मी त्यांना दोन्ही आकडे फोनवर सांगितले.